कलर केस हार्डनिंग: पहिला तुकडा साधाच घ्या

1873च्या कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी या रिव्हॉल्व्हरच्या फ्रेमवरचे (सांगाड्यावरचे) निळे-तपकिरी ढग पाहून तुम्हालाही कलर केस हार्डनिंग, म्हणजे पोलाद कोळशात तापवून पाण्यात टाकून त्याचा पृष्ठभाग कडक आणि रंगीत करणं, करून पाहायचा मोह झाला, हे छानच. पण फ्रेमला आत्ताच हात लावू नका. पाणी देताना, म्हणजे तापलेली पाण्यात टाकून थंड करताना, ती वाकली तर सरळ करणं फार अवघड. शिवाय भारतात शस्त्राच्या भागावर काम करायला परवाना लागतो. एम.एस.च्या (माइल्ड स्टील, म्हणजे साध्या पोलादाच्या) पट्टीचे पाच-सहा तुकडे कापा आणि त्यांवर हात बसवा.

सुरुवातीला एवढं सांभाळा:

- स्वच्छता. रंगाचा थर अतिशय पातळ असतो. बोटाचा तेलकट ठसा राहिला तर तिथे डाग पडतो. नीट पॉलिश करा, ॲसिटोनने पुसा, मग हातमोज्यानेच धरा.
- डबा भरणं. हाडांचा आणि लाकडाचा कोळसा मिसळा. तुकडे एकमेकांना टेकू देऊ नका. झाकण मातीने लिंपा आणि मग डबा भट्टीत तापवा.
- ओतणं. बहुतेकांचं इथेच बिघडतं, माझे पहिले तुकडेही इथेच राखाडी निघाले. डबा पाण्याच्या अगदी जवळ नेऊन उघडा आणि कोळशासकट एकदम ओता. तापलेल्या तुकड्याला वाटेत हवा लागली की रंग गेले. पाणी मात्र गार हवं, त्यात हवेचे बुडबुडे सोडलेले.

वाफ आणि गरम पाणी उसळतं, म्हणून पूर्ण चेहरा झाकणारी ढाल आणि चामडी एप्रन हवाच. सायनाइडची पद्धत कुठे वाचलीत तरी घरी अजिबात नको, जिवाशी खेळ आहे.

तापमान डोळ्यांनी जोखू नका, पायरोमीटर (भट्टीचं तापमान मोजायचं यंत्र) घ्या. प्रत्येक तुकड्याचं तापमान आणि वेळ वहीत लिहा, म्हणजे चांगला रंग आला तर तो पुन्हा आणता येईल.