पावसाची वही मिटवून ठेवणारी मुलगी

“मॅडम, अभ्यासाची तक्रार नाही. पण ती चारचौघींसारखी नाही हो.” मी मुलांची समुपदेशक; मुलींच्या आया हे वाक्य घेऊन माझ्याकडे वारंवार येतात. कुणाची मुलगी दिवसभर बुद्धिबळाच्या चाली मांडत बसते, कुणाची मुंग्यांच्या रांगेमागे फिरते, कुणाची कोडिंगशिवाय दुसरं बोलतच नाही. मुलग्यांबद्दल ही तक्रार क्वचित येते. मुलाने घरातला रेडिओ खोलून ठेवला तर पाहुण्यांना कौतुकाने दाखवला जातो. मुलीच्या बाबतीत मात्र मैत्रिणी नाहीत, नटणंमुरडणं नाही, चार माणसांत बोलत नाही, पुढे हिचं कसं होणार, असं सगळं एकदम सुरू होतं. अशाच एका घराची ही हकिगत. मुलीचं नाव सई धरू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सई आठवीत होती आणि तिला नाद होता पाऊस मोजण्याचा. गच्चीवर तिने स्वतः केलेला पर्जन्यमापक होता. प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून तोच उलटा नरसाळ्यासारखा बसवलेला, बाहेरून पट्टी चिकटवलेली. बाटलीचा तळ उंचसखल असतो, म्हणून आत खडे घालून शून्याच्या रेघेपर्यंत आधी पाणी भरायचं, हे तिनेच मला समजावून सांगितलं. हवामान खात्याची रोजची नोंद सकाळी साडेआठची, म्हणून हिचीही साडेआठची. शाळा सकाळची असल्याने शाळेच्या दिवशी मोजायचं काम आजीकडे.

आई पहिल्या भेटीत म्हणाली, “ते वेड आता गेलंय बहुतेक. पण पोरगी फार चिडचिडी झालीय. डबाही तसाच परत आणते.” ही दोन्ही वाक्यं तिने वेगवेगळी सांगितली. मला ती एकाच गोष्टीची वाटली.

सई एकटीने भेटायला आली तेव्हा मी वही मागितली. जून महिना तारीखवार भरलेला, मिलिमीटरचे आकडे, बाजूला “रात्री वीज, वारा पश्चिमेचा” अशा बारीक नोंदी. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून पानं कोरी. विचारलं तर आधी “कंटाळा आला” म्हणाली. मग हळूहळू बाहेर आलं. भूगोलाच्या तासाला बाईंनी सहज विचारलं होतं, काल किती पाऊस झाला असेल? सई म्हणाली, “त्रेचाळीस मिलिमीटर.” वर्ग हसला. मधल्या सुट्टीत एकीने बातम्या सांगणाऱ्या बाईचा आवाज काढला, आणि तेव्हापासून सईचं नाव पडलं ‘वेधशाळा’.

“मग मी ठरवलं, नॉर्मल व्हायचं,” ती म्हणाली. म्हणजे काय काय करायचं? आवडत नसलेली सिरियल बघायची, कारण बाकीच्या तिच्यावर बोलतात. उत्तर येत असलं तरी हात वर करायचा नाही. वही कपाटात, कपड्यांच्या खाली.

आईबाबांना मी सांगते ते इथेच सांगते. मूल एखाद्या विषयात बुडालं आहे, ही काळजीची गोष्ट नाही. ते त्यात खूश आहे का, जेवतं-झोपतं का, त्या विषयावर बोलायला एखादं तरी माणूस आहे का, एवढं बघा. नाद लपवायला लागलं, किंवा आवडती गोष्ट एकाएकी सोडून दिली आणि तिच्या जागी दुसरं काहीच आलं नाही, तर मात्र थांबून विचारा. लहानपणापासूनच दुसऱ्यांशी बोलण्या-समजण्यात अडचण असेल, आवाज, गर्दी, कपड्यांचा स्पर्श सहन होत नसेल, तर विकासाची रीतसर तपासणी करून घ्यावी. मुली इतरांची नक्कल करून निभावून नेतात, म्हणून त्यांच्यातला ऑटिझम बऱ्याचदा उशिरा लक्षात येतो. सईचं तसं नव्हतं. तिची जिवलग मैत्रीण वर्षापूर्वी गाव सोडून गेली होती. हसण्याचा मार तिने एकटीने खाल्ला होता.

मी तिला म्हटलं, तुझी वही फार चांगली आहे. ती म्हणाली, “तुम्ही चांगलंच म्हणणार, ते तुमचं कामच आहे.” अगदी बरोबर बोलली. माझ्या कौतुकाचा तिला उपयोग नव्हता. तिला तिच्यासारखं कुणीतरी हवं होतं, आणि वर्गात ते नव्हतं. अशा वेळी मी पुस्तकांकडे वळते.

पण कुठलंही पुस्तक चालत नाही. एका पानात एक थोर स्त्री, जन्म, पुरस्कार, संपलं, अशी पुस्तकं वाढदिवसाला खूप दिली जातात. त्यातून मुलीला एवढंच कळतं की जगात कुणीतरी खूप मोठं झालं. तिला हवा असतो त्या बाईचा नाद. काय बघत बसायची, कशावरून चिडायची, घरचे काय म्हणायचे. आपल्या मराठी बालसाहित्यातले लाडके नायक आठवा: गोट्या, फास्टर फेणे, बोक्या. खटपटे, चौकस, उपद्व्यापी, आणि तिघेही मुलगे. सईने तिघांनाही वाचलं होतं.

मी तिच्यासाठी काढलं ‘लीलावतीज् डॉटर्स’. रोहिणी गोडबोले आणि राम रामस्वामी यांनी संपादित केलेलं, बंगळुरूच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसने 2008 मध्ये प्रसिद्ध केलेलं हे पुस्तक, भारतीय स्त्री-वैज्ञानिकांबद्दलचं. रोहिणीताई पुण्याच्या, कणभौतिकीतल्या नावाजलेल्या संशोधक होत्या. पुस्तक इंग्रजीत आहे, म्हणून एक प्रकरण आम्ही दोघींनी मिळून मराठीत करत वाचलं. ते होतं अ‍ॅना मणी यांचं.

अ‍ॅना मणींचा जन्म 1918 चा, केरळातल्या पीरमेडचा. घरच्या रिवाजाप्रमाणे आठव्या वाढदिवसाला मुलीला हिऱ्याची कुडी मिळायची. या मुलीने ती नको म्हणून एनसायक्लोपीडिया ब्रिटानिका मागितला. पुढे सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिरे आणि माणकांच्या प्रकाशगुणांवर काम केलं, प्रबंध सादर केला, आणि एम.एस्सी. नाही या कारणावरून मद्रास विद्यापीठाने पीएच.डी. दिली नाही. इथे सईने वाचन थांबवलं. “काम तर केलं होतं ना त्यांनी?” ती एवढी रागावली की मला बरं वाटलं, कितीतरी आठवड्यांनी ती स्वतःखेरीज दुसऱ्या कुणासाठी रागावली होती. मणी मग लंडनला हवामान-उपकरणं शिकल्या आणि 1948 मध्ये पुण्याला हवामान खात्यात रुजू झाल्या. शंभरेक उपकरणांचे आराखडे त्यांनी प्रमाणित केले, कारण तोवर बरीच उपकरणं बाहेरून आणावी लागत. सुरुवातीच्या साध्या उपकरणांत पर्जन्यमापकही होता.

“पुण्यात कुठे?” सईने विचारलं. शिवाजीनगरचं सिमला ऑफिस, मी म्हटलं. आत्याकडे जाताना ती त्या चौकातून कितीदा गेली होती. त्यानंतरचा अर्धा तास मी फक्त ऐकत होते.

आईसाठी मी वेगळं पुस्तक दिलं, जॅकलिन केली यांची ‘द इव्होल्यूशन ऑफ कॅल्पर्निया टेट’ ही 2009 ची कादंबरी. टेक्सास, 1899 चा उन्हाळा, सहा भावांमधली एकटी मुलगी. पिवळे नाकतोडे हिरव्यांपेक्षा मोठे का, हा तिचा प्रश्न. आजोबा तिला निरीक्षण शिकवतात, आई विणकाम आणि स्वयंपाक. सईच्या आईने महिनाभर लावून ती वाचली आणि म्हणाली, “त्या आईचंही मला पटतं हो. तिला भीतीच वाटत असणार.” मला हेच हवं होतं. भीती कबूल झाली की बोलता येतं. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या आयांना मी कधी कधी ‘शीज सच अ गीक’ हा 2006 चा संग्रहही सुचवते. अ‍ॅनाली न्यूइट्झ आणि चार्ली अँडर्स यांनी संपादित केलेल्या या संग्रहात विज्ञान-तंत्रज्ञानात रमलेल्या बायकांनी स्वतःबद्दल लिहिलं आहे. लहान मुलींसाठी तो नाही.

आजीला पुस्तक द्यावं लागलं नाही. दुर्गाबाई भागवत त्यांच्या आवडत्या. त्यांची धाकटी बहीण कमला सोहोनी 1933 मध्ये बंगळुरूच्या विज्ञानसंस्थेत गेल्या तेव्हा मुलगी म्हणून रामन यांनी आधी नाकारलं, मग वर्षभर पारखून घेण्याच्या अटीवर घेतलं, आणि 1939 मध्ये त्याच कमलाबाई केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या, हे मी सांगितलं तर आजी म्हणाल्या, “एका घरात दोघी तशा! मग आमच्याकडे एक आहे त्याचं काय एवढं?” आणि पर्समधून त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं फाडलेलं पान काढलं. जुलैच्या प्रत्येक चौकोनात पेन्सिलीने एकेक आकडा. सईने मोजणं सोडलं होतं, आजींनी सोडलं नव्हतं. “सांगितलेलं काम होतं ते,” त्या म्हणाल्या. सईने ते आकडे वहीत उतरवून घेतले आणि समोर लिहिलं: निरीक्षक, आजी.

पुस्तक देणार असाल तर ते औषधासारखं देऊ नका, की रोज दोन पानं वाच आणि गुण आला का सांग. आधी स्वतः वाचा. घरात पडू द्या. “काय शिकलीस यातून?” हा प्रश्न तर मुळीच विचारू नका. आणि चिडवणं चालू असेल तर फक्त पुस्तकावर भागत नाही. सईच्या संमतीने आई वर्गशिक्षिकांना भेटली. बाईंनी कुणालाही न रागावता वर्गाच्या फळ्यावर रोजचा पाऊस लिहायचा कोपरा ठेवला आणि नोंद करायला पाळीपाळीने मुलं नेमली. आकडा सईच्या घरून.

‘वेधशाळा’ हे नाव काही गेलं नाही. स्नेहसंमेलनाच्या आधी मुलं तिला विचारायला आली, त्या दिवशी पाऊस पडेल का. ती म्हणाली, “मी मोजते. अंदाज सांगणारे वेगळे.” मैत्रीण अजून एकच झाली आहे, फळ्यावर नोंद लिहिणाऱ्यांपैकी एक, आणि ती मुख्यतः नाचाबद्दल बोलते. डबा बहुतेक संपतो. आईची काळजी पूर्ण गेलेली नाही. आता ती अकरावीला कुठली शाखा यावर येऊन थांबली आहे, आणि त्यासाठी पुढच्या महिन्यात आम्ही तिघी बसणार आहोत.