सगळ्यात दणकट जोडी कुठली?

प्रश्न : अमेरिकेत डेमोक्रॅटिक पक्षाच्या जिंकलेल्या अध्यक्ष-उपाध्यक्ष जोड्यांमध्ये सगळ्यात भारी कुठली? मी म्हणतो १९३६ ची रूझवेल्ट-गार्नर, ५३१ पैकी ५२३ इलेक्टोरल मतं (प्रत्येक राज्याच्या वाट्याची मतं, बहुधा सगळी तिथे जिंकणाऱ्याला) म्हणजे विषयच संपला. न्यू जर्सीतला भाचा म्हणतो ओबामा-बायडन. तुम्हीच निकाल द्या.
– एक वाचक, सांगली

उत्तर : ५२३ चा आकडा जबरदस्तच आहे, मेन आणि व्हरमाँट सोडून सगळी राज्यं खिशात, पण ती लाट रूझवेल्टची आणि न्यू डीलची (मंदीतून बाहेर काढायच्या त्यांच्या योजनांची) होती हो, त्यात गार्नर यांचा वाटा कितीसा? ते खरे कामाला आले १९३२ ला, पक्षाच्या शिकागोच्या अधिवेशनात आपल्या बाजूचे प्रतिनिधी रूझवेल्टना द्यायला मोकळे केले म्हणून चौथ्या फेरीत रूझवेल्टना उमेदवारी मिळाली. पुढे दोघांचं फाटलं आणि १९४० ला गार्नर त्यांच्याच विरोधात उमेदवारी मागायला उभे राहिले.

माझं मत १९६० च्या केनेडी-जॉन्सनला. जोडी दणकट आहे का हे बघायचं तर दुसरा माणूस काढून बघायचा, मग काय उरतं ते कळतं. केनेडी मॅसॅच्युसेट्सचे, कॅथलिक, दक्षिणेतल्या प्रोटेस्टंट मतदारांना त्यांच्याबद्दल शंका, आणि टेक्सास तर १९५२ आणि १९५६ दोन्ही वेळा रिपब्लिकन आयझेनहॉवरकडे गेलेलं. जॉन्सन टेक्सासचे, सिनेटमधले बहुमताचे नेते, उमेदवारीसाठी केनेडींच्याच विरोधात लढलेले, त्यामुळे त्यांना घेतलं तेव्हा केनेडींची स्वतःचीच माणसं भडकली होती. पण प्रचारात हा माणूस रेल्वेने दक्षिण पालथी घालत फिरला आणि टेक्सास साधारण ४६ हजार मतांनी आलं.

आता हिशोब बघा. इलेक्टोरल मतं केनेडींना ३०३, रिपब्लिकन निक्सनना २१९, दक्षिणेतले सिनेटर बर्ड यांना १५, आणि जिंकायला हवीत २६९. टेक्सासची २४ गेली तरी २७९ उरतात, म्हणजे केनेडी तरीही अध्यक्ष. पण सोबत नॉर्थ कॅरोलिनाची १४ गेली असती तर २६५, निक्सन २५७ वर, कोणालाच बहुमत नाही आणि निवड हाऊस ऑफ रिप्रेझेंटेटिव्हजकडे, म्हणजे काँग्रेसच्या (तिथल्या संसदेच्या) कनिष्ठ सभागृहाकडे! दक्षिण हातात ठेवणारा माणूस सोबत असणं म्हणजे काय ते इथे दिसतं.

आणि माझ्यासाठी यापेक्षाही मोठी गोष्ट पुढची आहे. नोव्हेंबर १९६३ मध्ये केनेडींची हत्या झाली, त्यांचं नागरी हक्क विधेयक तेव्हा काँग्रेसमध्ये अडकलेलं होतं, ते जॉन्सननी जुलै १९६४ मध्ये कायदा करून दाखवलं आणि पुढच्या वर्षी मतदान हक्काचा कायदाही आणला. सिनेट आतून-बाहेरून माहीत असलेल्या दक्षिणेतल्या माणसाशिवाय हे इतक्या लवकर झालं नसतं असं मला मनापासून वाटतं. दोघांच्या गोटात प्रेम नव्हतं, केनेडींचे भाऊ रॉबर्ट आणि जॉन्सन यांचं तर कधीच पटलं नाही, तरी काम झालं.

भाच्याला सांगा, ओबामा-बायडन माझ्याकडे दुसऱ्या नंबरवर. बायडन यांच्या डेलावेअरची मतं फक्त ३, तीही पक्षाचीच होती, पण १९७३ पासूनचा सिनेटचा अनुभव ओबामांकडे नव्हता तो त्यांनी आणला. तिसरी १९९२ ची क्लिंटन-गोर, शेजारशेजारच्या राज्यांतले दोन तरुण, त्यांनी जॉर्जिया आणि लुईझियानासुद्धा जिंकलं, फक्त त्या वर्षी अपक्ष उमेदवार पेरोही रिंगणात होते आणि क्लिंटनना मतं ४३ टक्केच होती, म्हणून त्यांना वर नेत नाही.