मागचे दिवे एलईडीचे करताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: हॅचबॅकच्या मागच्या दिव्यांत बाजारात मिळणारे एलईडी बल्ब थेट होल्डरमध्ये बसवले, तर चालेल का? (रत्नागिरी)

बसतात, पेटतातही. पण ते मागच्याला नीट दिसतात का, हे तपासूनच पैसे द्या.

बहुतेक गाड्यांत पार्किंग आणि ब्रेक मिळून एकच डबल फिलामेंटचा बल्ब असतो, २१ आणि ५ वॉटचा. दुकानात तो ११५७ नावाने मिळतो. त्याच्या पिना वरखाली असतात, म्हणजे उलटा बसत नाही. नुसत्या इंडिकेटरचा पिवळा बल्ब वेगळा; त्याच्या पिना समोरासमोर नसतात. घाईत भलताच बल्ब होल्डरमध्ये ठोकू नका. होल्डर फाकला की मग मूळ बल्बही हलत राहतो.

खरी अडचण रिफ्लेक्टरची. तो एका बिंदूवरच्या फिलामेंटसाठी बनवलेला असतो. फक्त टोकाला चिप असलेला एलईडी बल्ब सगळा उजेड सरळ मागे फेकतो. मधोमध एक झगझगीत ठिपका, बाकी काच काळोखी. चारी बाजूंनी चिप असलेला बल्ब घ्या. काच लाल असेल तर लालच एलईडी घ्या. पांढऱ्याचा बराचसा उजेड लाल काचेतच अडकतो आणि वर रंग गुलाबट येतो.

बल्ब बसवल्यावर संध्याकाळी गाडीमागे २५–३० पावलांवर उभे राहा आणि कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. मग तिरके, रस्त्याच्या कडेला जाऊन पुन्हा पाहा. पार्किंग आणि ब्रेक यांतला फरक लगेच कळला नाही, तर तो बल्ब परत करा. स्वस्त मालात हा फरक फारच कमी असतो. कशेडी किंवा आंबोली घाटात धुक्यात मागच्याला सगळ्यात जास्त गरज याच फरकाची असते.

प्रश्न: तयार बल्ब नको, स्वतःची एलईडी पाटी करून बसवायची आहे. किती एलईडी, कोणते रेझिस्टर? (चिपळूण)

आधी दिवा उघडतो का ते पाहा. हेडलाइटची काच बऱ्याचदा काळ्या चिकट ब्युटिलवर बसवलेली असते, ती गरम करून सुटते. मागच्या दिव्याची काच मात्र बहुधा वितळवून जोडलेली असते. हीट गन मारत बसलात तर ॲक्रिलिकची काच १०० अंशांच्या आसपास मऊ पडून वाकते. अशा दिव्याची जोडरेषा बारीक चकतीने कापावी लागते. म्हणून जुन्या बाजारातून एक जोडी आणून तिच्यावर काम करा, मूळ दिवे जपून ठेवा.

आता पाटी. साध्या गोल ५ मिमी एलईडीपेक्षा चार पायांचे चौकोनी, ‘सुपरफ्लक्स’ किंवा ‘पिरान्हा’ नावाने मिळणारे लाल एलईडी बरे. उजेडाचा कोन रुंद हवा. अरुंद कोनाचे एलईडी दुकानात डोळे दिपवतात, पण कडेने बघितलं की विझल्यासारखे दिसतात. खालचा हिशेब ७० मिलिअँपिअरपर्यंत चालणाऱ्या एलईडीचा आहे. तुमचा माल कमी ताकदीचा असेल तर रेझिस्टर त्या प्रमाणात वाढवा.

एका दिव्याला २४ एलईडी: तीन-तीनच्या आठ ओळी. ओळीतले तीन एकामागोमाग जोडायचे, आठ ओळी एकमेकींना समांतर. लाल एलईडी साधारण २.२ व्होल्ट खातो, म्हणजे एका ओळीला ६.६ व्होल्ट. इंजिन चालू असताना गाडीत १४ ते १४.४ व्होल्ट असतात, त्यातले ०.७ डायोडमध्ये (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, तो कुठे लावायचा ते खाली आहे) जातात. प्रत्येक ओळीला १८० ओहमचा अर्ध्या वॉटचा स्वतंत्र रेझिस्टर लावला की करंट ३७ ते ४० मिलिअँपिअर येतो. सगळ्या ओळींना मिळून एकच रेझिस्टर लावू नका. एक ओळ गेली की उरलेल्यांवर ताण येतो.

एका ओळीत पाच एलईडी घालून रेझिस्टर वाचवायचा मोह होतो. पण मग रेझिस्टरवर जेमतेम सव्वादोन ते पावणेतीन व्होल्ट उरतात. इंजिन बंद केलं की उजेड निम्म्याखाली येतो.

ब्रेकची वायर १ एन ४००७ डायोडमधून थेट पाटीच्या पॉझिटिव्हला. पार्किंगची वायर दुसऱ्या तशाच डायोडमधून, पुढे १५० ओहमचा एक वॉटचा रेझिस्टर, मग त्याच पॉझिटिव्हला. दोन्ही डायोडची पांढरी पट्टी पाटीच्या बाजूला. असं केलं की पार्किंगला प्रत्येक ओळीत साडेपाच मिलिअँपिअरच्या आसपास आणि ब्रेकला त्याच्या सहापटीहून जास्त करंट मिळतो. पाचपटीखाली हा फरक जाऊ देऊ नका. डायोड विसरलात तर पार्किंग लावल्यावर करंट उलटा ब्रेकच्या वायरीत शिरतो आणि वरचा तिसरा ब्रेक लाइट मंद पेटत राहतो.

झीरो पीसीबी (भोकं पाडलेली तयार पाटी) चालते, पण फायबरचीच घ्या. तपकिरी स्वस्त पाटी दमट हवेत फुगते. सोल्डरिंग झाल्यावर फ्लक्स (सोल्डरचा उरलेला चिकट थर) पुसून काढा आणि मागच्या बाजूला ॲक्रिलिक कोटिंगचे दोन हात द्या. इकडच्या खाऱ्या वाऱ्यात कोटिंगशिवाय पाटीचं तांबं हिरवं पडायला फार दिवस लागत नाहीत. वायर कल्हई केलेल्या तांब्याची, अर्धा चौरस मिमी. पाटीआधी एक अँपिअरचा फ्यूज हवाच.

मेहनतीचा एक फायदा नक्की: फिलामेंट तापून उजळायला सुमारे ०.२ सेकंद घेतो, एलईडी लगेच पेटतो. ताशी ६० किमी वेगात मागची गाडी तेवढ्यात तीन मीटरहून जास्त पुढे येते.

प्रश्न: एलईडी लावल्यापासून इंडिकेटर फटाफट मारतो. वायरमनने रेझिस्टर लावला, तर डिकीचं प्लास्टिक वितळलं. (मालवण)

फ्लॅशरला, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या भागाला, २१ वॉटचा बल्ब म्हणजे पावणेदोन अँपिअर लागतात. एलईडी एवढासा करंट घेतो, तेव्हा बल्ब गेला असं समजून तो वेग वाढवतो. उपाय म्हणून लावतात तो ६ ओहम, ५० वॉटचा सोनेरी रेझिस्टर. पेटलेला असताना तो ३० वॉटहून जास्त उष्णता टाकतो, म्हणजे बल्ब काढून जे वाचवलं त्याहून जास्त तिथे जाळतो. लावायचाच तर स्क्रूने उघड्या पत्र्यावर, वायरिंग आणि प्लास्टिकपासून लांब.

जुन्या गाडीत वेगळा फ्लॅशर रिले असेल तर एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवा, प्रश्न मिटला. पिनांचा क्रम मात्र जुळवून घ्या. नव्या गाड्यांत हे काम बॉडी कंट्रोल युनिट करतं, तिथे रिले बदलायला जागाच नसते. असं असेल तर आमचं मत सरळ आहे: इंडिकेटरचा बल्ब मूळचाच राहू द्या.

प्रश्न: दिवा उघडून पुन्हा सिलिकॉनने बंद केला. पहिल्याच पावसात आत बाष्प धरलं. पूर्वी असं होत नव्हतं. (देवगड)

पूर्वीही ओल आत जात असणार. बल्बच्या उष्णतेने ती सुकत होती. एलईडी तेवढा तापत नाही, त्यामुळे आत गेलेलं पाणी आतच राहतं.

दिव्याच्या मागे, खालच्या अंगाला वाकडी नळी किंवा जाळीचं छिद्र असतं. पाणी याच वाटेने शिरतं असं समजून लोक ते बुजवतात. तेच चुकतं. ती हवेची वाट आहे, ती उघडी ठेवा. दुसरं, ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो ते वापरू नका. सुकताना त्यातून निघणारं ॲसिटिक ॲसिड पाटीचं तांबं खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या आणि पूर्ण दिवस सुकू द्या. बंद केलेला दिवा गाडीवर चढवण्याआधी बादलीत, हवेचं छिद्र आणि होल्डरची बाजू पाण्याबाहेर धरून, दाबून पाहा. बुडबुडे येतील तिथे फट आहे. दिवा आणि पत्रा यांमधलं फोमचं गॅस्केट दबून चपटं झालं असेल तर तेही बदला, नाहीतर पाणी डिकीत उतरेल.

प्रश्न: आरटीओ अडवेल का? (सावंतवाडी)

अडवू शकतो. मोटर वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने दिलेल्या रचनेत मनाला येईल तसा फेरफार करता येत नाही. कलम १८२ अ खाली मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीने एलईडी दिवे दिले असतील तर तो जोड घेणं सगळ्यात सोपं. काळी फिल्म, निळा किंवा लुकलुकणारा ब्रेक लाइट यांच्या वाटेला जाऊच नका. लाल परावर्तक काढू नका. गाडी बंद पडली तर अंधारात तोच दिसतो.

प्रश्न: ब्रेक दाबला की इंडिकेटरही मंद पेटतो. गाडी दाभोळच्या फेरीबोटीतून नेहमी जाते. (गुहागर)

एलईडीला दोष देऊ नका, अर्थिंग गंजलंय. परतीची वाट बंद झाली की करंट शेजारच्या दिव्यातून वाट काढतो. साध्या बल्बला एवढा करंट पुरत नाही, म्हणून तेव्हा दिसत नव्हतं.

मल्टिमीटरची एक पिन होल्डरच्या अर्थिंगला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावा आणि ब्रेक दाबा. एलईडीचा करंट कमी असल्याने ही चाचणी करताना मूळ बल्ब होल्डरमध्ये घालून घ्या. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर डिकीतला अर्थिंगचा बोल्ट काढा, खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत करा, नवा लग (वायरीच्या टोकाची कडी) लावा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली फासा. जेली आवळल्यावर, आधी नाही. कपलरच्या पिना हिरव्या दिसत असतील तर त्या घासत बसण्यापेक्षा बदलून टाका.