‘इंटिग्रिटी’ला सचोटी म्हणावे का?

तलावांच्या परीक्षणावरील एका मराठी टिपणात ‘इंडेक्स ऑफ बायॉटिक इंटिग्रिटी’साठी (म्हणजे पाण्यातल्या सजीवांवरून त्या पाण्याची अवस्था गुणांत सांगणाऱ्या मापासाठी) ‘जैविक सचोटी निर्देशांक’ आणि ‘फिश कम्युनिटी’साठी ‘माशांचा थवा’ असे प्रतिशब्द आढळले. ते योग्य आहेत का, असा प्रश्न आहे.

सचोटी माणसाची असते, आणि तीही बहुधा व्यवहारातली. तलावाने कोणाचे पैसे बुडवलेले नसतात. मूळ लॅटिन ‘इंटेजर’चा अर्थ अस्पर्शित, म्हणून संपूर्ण, असा आहे, आणि गणितात आपण त्याच शब्दाला पूर्णांक म्हणतो. राज्यघटनेच्या मराठी उद्देशिकेत ‘इंटिग्रिटी’साठी ‘एकात्मता’ आहे; तो शब्द राष्ट्राला शोभतो, परंतु त्याचा कल एकोप्याकडे आहे आणि तलावात तर पाहायची असते ती विविधता.

माझ्या मते ‘अविकलता’ हा शब्द येथे नेमका बसतो. विकलांग या शब्दातला ‘विकल’ म्हणजे ज्यात काही उणे आहे ते; अविकल म्हणजे ज्यातले काहीही गळलेले नाही ते, जसे अविकल भाषांतर. जीवशास्त्रज्ञ जेम्स कार यांनी १९८१ मध्ये अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील ओढ्या-नद्यांसाठी हा निर्देशांक मांडला, तेव्हा त्यांनी नेमके हेच तपासले: जाती किती, प्रदूषण न सोसणाऱ्या किती, सर्वभक्षी माशांचे प्रमाण किती, शिकारी मासे उरले आहेत का, रोगट किंवा व्यंग असलेले किती. निकष १२, प्रत्येकाला ५, ३ किंवा १ गुण, म्हणजे बेरीज १२ ते ६०. पुढे त्याच देशातल्या मिनेसोटा राज्याने तलावांसाठी निराळे निकष बसवले. तेथे काठच्या उथळ पाण्यात जाळे टाकून ओढतात (आपल्या रापणीचेच हे छोटे रूप), शिवाय खोल पाण्यातही जाळी लावतात. सिस्को या माशाला थंड आणि भरपूर प्राणवायू असलेले खोल पाणी लागते, म्हणून तो नाहीसा झाला की तळाशी काही बिघडले आहे अशी शंका येते. याउलट आपल्या बाजारात सायप्रिनस म्हणून मिळणारा कार्प गढूळ पाण्यातही तग धरतो, आणि तळ उकरून ते आणखी गढूळ करतो. तेव्हा जाळे भरून मासळी निघाली, एवढ्यावरून तलाव धडधाकट ठरत नाही.

यातच थव्याचे उत्तर आहे. थवा एकत्र फिरणाऱ्यांचा, आणि सहसा एकाच जातीचा. येथे अभिप्रेत आहेत ते तळाशी राहणारे, काठच्या वनस्पतींत लपणारे आणि त्यांना खाणारे असे सगळेच, जे बरोबर पोहणे शक्यच नाही. त्यांना ‘मत्स्यसमुदाय’ म्हणावे.

‘अविकल’ हा शब्द एक अट मात्र घालतो. भाषांतर अविकल आहे की नाही हे मूळ संहिता समोर असल्याशिवाय सांगता येत नाही, आणि तलावाचेही तसेच आहे: त्या प्रदेशातील कमीत कमी बिघडलेले पाणी तुलनेला घ्यावे लागते. मिनेसोटात नैसर्गिक सरोवरे विपुल असल्याने ते जमते. उजनीसारखा जलाशय मुळात माणसाने अडवलेली भीमा आहे. त्यात चिलापी बाहेरून आलेली, आणि आपल्या धरणांत सोडले जाणारे कटला, रोहू, मृगळ हे मासे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. अशा ठिकाणी ‘मत्स्यसमुदायावरून जलाशयाच्या आरोग्याची पाहणी’ एवढेच लिहिणे मला अधिक बिनचूक वाटते.