वीस माणसांची खाण आणि सरकारी इन्स्पेक्टर

प्रश्न असा आहे: एका इंग्रजी कादंबरीत १८६०-७० च्या सुमाराची, जेमतेम वीस-पंचवीस माणसांची कोळसा खाण दाखवली आहे. तिथे दर आठवड्याला सरकारी इन्स्पेक्टर दिवा घेऊन गॅस तपासायला खाली उतरतो. असं खरंच होत असे का, की कायदे नुसते कागदावर होते?

इन्स्पेक्टर दर आठवड्याला येत नसे. पण कायदा नुसता कागदावर होता असंही नाही. मी वणी-चंद्रपूर पट्ट्यात भूमिगत खाणीत ओव्हरमन, म्हणजे पाळीवर देखरेख करणारा, म्हणून नोकरी केली. ब्रिटनच्या जुन्या खाणींचं वाचन हा निवृत्तीनंतरचा नाद. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी साधा हिशोब करा. १८५० मध्ये ब्रिटनच्या संसदेने पहिला खरा तपासणी कायदा केला तेव्हा नेमले किती इन्स्पेक्टर? चार. खाणी दोन हजारांच्या वर. वर्षाला सुमारे १ हजार माणसं मरत होती. पुढे इन्स्पेक्टर वाढून बारा झाले, तरी एकेकाच्या वाट्याला शेकडो खाणी, आणि प्रवास रेल्वेने नाहीतर घोड्यावर. दर आठवडा सोडाच, आडबाजूच्या छोट्या खाणीचं तोंड त्याला वर्षात एकदा दिसलं तरी पुष्कळ. बहुतेक वेळा तो यायचा तो माणूस मेल्यावर.

याच्या आधीची गंमत सांगतो. १८४२ च्या कायद्याने बायका, मुली आणि दहा वर्षांखालच्या मुलग्यांना खाली उतरवायला बंदी झाली. त्यामागे १८३८ ची इंग्लंडातल्या हस्कर खाणीची घटना होती. पावसाचं पाणी बोगद्यातून आत घुसलं आणि २६ मुलं बुडाली. या कायद्याखाली ट्रेमनहीअर नावाचा एकच अधिकारी नेमला. तो वकील, आधी शाळा तपासनीस. खाणीचं ज्ञान नाही, आणि कायद्याने विचारलं होतं तेही कामगारांची स्थिती काय एवढंच. हवा किती खेळते, छत कसं आहे, हे त्याच्या कक्षेत नव्हतंच.

१८५० च्या इन्स्पेक्टरांना मात्र खाली उतरायचा हक्क मिळाला. दिवसा किंवा रात्री, कधीही. अट एकच, खाणीच्या कामात अडथळा येता कामा नये. ही अट वाचून मला हसू येतं. आमच्याकडे एका खाणीत (नाव नको) साहेब येणार अशी कुणकुण लागली की आदल्या पाळीला स्टोन डस्टची (कोळशाची धूळ पेटू नये म्हणून पसरायच्या दगडी भुकटीची) पोती फुटायची, रस्ते पांढरेफेक व्हायचे, आणि ज्या फेसवर, म्हणजे कोळसा कापायच्या जागी, चाल खराब तिथे फळी लागायची, 'काम बंद'. चाल म्हणजे छत, आम्ही खाणवाले तसंच म्हणतो. माणूस तोच, शतक वेगळं.

पण त्या कायद्याने दोन गोष्टी केल्या ज्या इन्स्पेक्टरच्या भेटीपेक्षा भारी ठरल्या. मृत्यू झाला की सरकारला चोवीस तासांत कळवायचं, आणि खाणीचा नकाशा ठेवायचा. लहान खाणीचा मालक यालाच खरा वैतागायचा. नकाशा म्हणजे सर्व्हेअर, सर्व्हेअर म्हणजे पैसे. अनेक छोट्या खाणी बापाच्या डोक्यात होत्या, मुलाला तोंडी सांगितलेल्या.

नकाशाचं महत्त्व पाण्याने शिकवलं. शेजारची जुनी, सोडून दिलेली खाण पाण्याने काठोकाठ भरलेली असते. तुम्ही कोळसा काढत तिच्याकडे सरकत असता, आणि मधली भिंत किती उरली ते कोणालाच माहीत नाही. १८७२ च्या कायद्यातला यावरचा नियम मला तोंडपाठ आहे, कारण तो आमच्या नियमावलीचा आजोबा आहे. पाण्याचा संशय असेल तिथे रस्ता ८ फुटांहून रुंद करायचा नाही. पुढे मध्यभागी किमान ५ यार्ड, म्हणजे १५ फूट, भोक पाडूनच सरकायचं, आणि दोन्ही बाजूंनाही भोकं मारत जायचं. भोकातून पाणी आलं तर समोर अजून पंधरा फूट कोळसा उभा असतो. पळायला तेवढा अवधी पुरतो. सोडून दिलेल्या खाणीचा नकाशा सरकारजमा करण्याचा नियमही याच कायद्यातला. तरी १८७७ मध्ये वेल्सच्या ऱ्होंडा खोऱ्यात टायनेविड खाणीत शेजारच्या जुन्या कामाचं पाणी घुसलंच. चौदा जण अडकले, पाच गेले. शेवटचे पाच जण दहा दिवसांनी जिवंत बाहेर काढले. अल्बर्ट पदक तोवर समुद्रावरच्या शौर्याला मिळायचं, ते या सुटकेनंतर जमिनीवरही देऊ लागले.

आता तुमच्या कादंबरीतला दिवा. गॅस रोज तपासला जायचा, पण तपासणारा सरकारी नसायचा. तो खाणीचाच माणूस, फायरमन. आपल्याकडे मायनिंग सरदार म्हणतात तसा. १८७२ च्या नियमाप्रमाणे ज्या खाणीत मागच्या बारा महिन्यांत ज्वालाग्राही वायू सापडला असेल, तिथे पाळी सुरू होण्याआधी जाणत्या माणसाने सेफ्टी लॅम्प (ज्योत जाळीत बंद असलेला दिवा) घेऊन कामाची जागा फिरून बघायची आणि खरा अहवाल द्यायचा. वात बारीक करायची, दिवा हळूहळू छताकडे न्यायचा, नजर ज्योतीच्या टोकावर. दोन-अडीच टक्के मिथेन असला की पिवळ्या ज्योतीवर फिकट निळी टोपी बसते. गॅस वाढेल तशी टोपी उंच होते. पाच टक्क्यांपासून पुढे स्फोटाचं राज्य. बघून झालं की फेसवर खडूने तारीख आणि सही. माणूस कामावर आला की आधी खडू बघणार. मला स्वतःला हा खडू त्या अख्ख्या शतकातला सगळ्यात उपयोगी सरकारी कागद वाटतो.

पण 'बारा महिन्यांत सापडला असेल तर' हे शब्द पुन्हा वाचा. शोधलाच नाही तर सापडणार कसा? उथळ छोट्या खाणींत मालक छातीठोक सांगायचे, आमच्याकडे गॅस नाही, मेणबत्तीवर काम चालतं.

शिवाय गॅसने माणसं मरतात ती एकदम शंभर, म्हणून पेपरात येतात. रोज एकेक माणूस खायची ती चाल. पश्चिम मध्य इंग्लंडात, दक्षिण स्टॅफर्डशरमध्ये, कोळशाचा थर तब्बल दहा यार्ड जाड, आणि तिथे छोट्या खाणींचा सुळसुळाट. मालक शाफ्ट, म्हणजे खाली उतरायची उभी विहीर, खोदून द्यायचा. घोडे, हत्यारं, माणसं ठेकेदाराची. त्याला 'बटी' म्हणत. पैसे टनावर. तीस फुटांवरच्या छताला खुंट कोण लावणार आणि कोणाच्या पैशाने? आमचे एक म्हातारे सरदार काठीने चाल ठोकत जायचे. भरीव असेल तर 'टण' वाजते, सुटलेली असेल तर 'ढब'. पण तीस फुटांवर काठी पोचत नाही.

मग मृत्यू झाला की चौकशी, बऱ्याचदा गावच्या दारूच्या गुत्त्याच्या वरच्या खोलीत. ज्यूरीत दुकानदार, शेतकरी. निकाल बहुधा 'अपघाती मृत्यू'. खटला भरलाच तर न्यायासनावर बसलेला साहेब कुठल्या ना कुठल्या खाणीचा मालक नाहीतर मालकाचा भाऊ. हा प्रकार इतका बोकाळला की खाणमालक, त्याचा बाप, मुलगा किंवा भाऊ यांनी असे खटले चालवू नयेत असं शेवटी कायद्यातच लिहावं लागलं. १८७२ प्रमाणे दंड मालकाला जास्तीत जास्त २० पौंड आणि कामगाराला २ पौंड. कामगाराच्या मजुरीशी ताडून बघा, म्हणजे कोणाला जास्त चटका बसायचा ते कळेल.

इंग्लंडातल्या हार्टली खाणीबद्दल तुम्ही वाचलं असेलच. जानेवारी १८६२, एकच शाफ्ट. पाणी उपसायच्या इंजिनाची लोखंडी तुळई तुटून त्यात पडली, वाट बुजली आणि २०४ जण गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कायदा झाला की बाहेर पडायच्या वाटा दोन हव्यात. गरीब मालकाला दुसरा शाफ्ट कुठून परवडणार? पण दुसरी वाट आपल्याच खाणीची असली पाहिजे असं बंधन नव्हतं. म्हणून छोट्या खाणी खालून एकमेकींना जोडल्या गेल्या. दोन भांडकुदळ शेजाऱ्यांनी मधल्या भिंतीला दार ठेवावं तसं.

आता सगळ्यात मोठी मेख. १८७२ च्या कायद्याने खाणीला प्रमाणपत्रधारक मॅनेजर सक्तीचा केला. परीक्षा पास झालेला, जबाबदारी डोक्यावर घेणारा माणूस. आणि सूट कोणाला? जिथे खाली ३० पेक्षा कमी माणसं, त्यांना. इन्स्पेक्टरने लेखी नोटीस दिली तरच त्यांना मॅनेजर ठेवावा लागे. म्हणजे ज्या खाणीत इन्स्पेक्टर सगळ्यात कमी फिरकतो, तिथेच मॅनेजरही नाही. माझ्या मते त्या शतकातल्या कायद्यातली ही सगळ्यात मोठी चूक. खर्चाचं कारण मला समजतं, पण वीस माणसांवर पडणारी चाल हलकी नसते.

दुसऱ्या बाजूने एक चांगली तरतूद होती. कामगारांनी आपल्यातले दोघे निवडून महिन्यातून एकदा स्वतःच्या खर्चाने खाण तपासावी. मोठ्या खाणीत युनियन होती, तिथे हे चाललं. वीस जणांच्या खाणीत मालकाच्या मेव्हण्याविरुद्ध वहीत कोण लिहिणार?

बारुदाचे नियम मात्र छोट्या खाणीतही बऱ्यापैकी रुजले असावेत, कारण ते सोपे होते. बारूद खाली साठवायची नाही, न्यायची ती काडतुसं करून, बंद डब्यात, एका डब्यात ४ पौंडांहून जास्त नाही. ठासायला लोखंडी सळई चालणार नाही. याआधी काय चालायचं त्याचा किस्सा १८४४ चा. इंग्लंडातल्या हॅसवेल खाणीच्या स्फोटात ९५ जण गेल्यावर सरकारने मायकेल फॅरडे आणि चार्ल्स लायेल या शास्त्रज्ञांना पाठवलं. खाली हवेचा वेग मोजायला चिमूटभर बारूद मेणबत्तीवर टाकून धूर किती वेळात सरकतो ते पाहत होते. फॅरडेने विचारलं, उरलेली बारूद ठेवता कुठे? पोत्यात, तोंड घट्ट बांधून. ते पोतं कुठाय? तुम्ही बसलाय त्यावरच, साहेब.

आपल्याकडे हे सगळं उशिरा आलं. भारतात पहिला खाण इन्स्पेक्टर, जेम्स ग्रंडी, १८९४ मध्ये, आणि पहिला खाण कायदा १९०१ चा. तोवर वरोऱ्याच्या सरकारी खाणीतून कोळसा काढायला लागून कितीतरी वर्षं झाली होती. १९०६ मध्ये ती बंदही झाली.

आणि तो ३० चा आकडा? ब्रिटनने १९४७ मध्ये सगळ्या खाणी सरकारजमा केल्या तेव्हा खाली तीसपर्यंत माणसं असलेल्या खाणी परवान्यावर खाजगीच राहू दिल्या. तुमच्या कादंबरीकाराला कळवायचं असेल तर इन्स्पेक्टरच्या जागी फायरमन घालायला सांगा, हातात दिवा तोच राहू दे, आणि खिशात खडू.