हिरवी वायर कुठल्या भोकातून?

प्रश्न: काका, आमच्या कोथरूडच्या सोसायटीत पाण्याच्या पंपासाठी नवीन लोखंडी डीबी (स्विच बसवायचा डबा) बसवलाय, पंप सिंगल फेजचा, एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) 16 अँपची. वायरमनने फेज-न्यूट्रल खालच्या भोकातून घेतले आणि अर्थिंगची हिरवी वायर बाजूच्या वेगळ्या भोकातून. दुसरा वायरमन म्हणतो सगळ्या एकाच भोकातून पाहिजेत, नाहीतर डबा तापतो. मीटिंगमध्ये यावरून दोन तट पडलेत. खरं काय?
(एक वाचक, कोथरूड)

उत्तर: ताई, तापण्याची गोष्ट खरीये पण ती फेज-न्यूट्रलची, अर्थिंगची नाही. फेजमधून जेवढा करंट जातो तेवढाच न्यूट्रलमधून परत येतो, दोन्ही एकाच भोकातून गेल्या की त्यांचं चुंबकीय क्षेत्र एकमेकांना मारतं. एकटी फेज लोखंडी पत्र्यातून नेली तर भोकाभोवती पत्र्यातच एडी करंट, म्हणजे भोवऱ्यासारखा प्रवाह फिरतो आणि पत्रा तापतो, मोठ्या लोडला तर चांगलाच. तुमच्याकडे त्या दोघी एकत्रच आहेत आणि हिरव्या वायरीतून एरवी करंट जातच नाही, मग तापणार काय?

तरी मी असतो तर हिरवी फेजच्या सोबतच आणली असती. फॉल्ट झाला, म्हणजे फेज डब्याला किंवा पंपाच्या बॉडीला टेकली, की करंट फेजने येतो आणि अर्थिंगने परत जातो, दोन्ही जवळ असल्या की वाटेतला अडथळा कमी. डब्याच्या पातळ पत्र्यात एका वेगळ्या भोकाने फारसं बिघडत नाही, पण फेज-न्यूट्रल लांब लोखंडी पाईपमधून आणि हिरवी पाईपच्या बाहेरून आणली असेल तर ते मात्र बदलून घ्याच. भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट (कडं) हवंच, पत्र्याची धार इन्सुलेशन कापते.

आता भोक सोडा आणि मेन बंद करून जोडणी बघा. डब्याच्या रंगावर, म्हणजे पावडर कोटिंगवरच थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) कसलं असेल तर ती अर्थिंग नावालाच, रंग खरवडून, स्टार वॉशर घालून आवळायला सांगा. झाकणाला वेगळी लवचिक वायर हवी, बिजागरीच्या भरवशावर राहू नका. मग मल्टिमीटरने झाकण ते अर्थ बार (हिरव्या वायरी जिथे जोडतात ती पट्टी) कंटिन्युइटी, म्हणजे जोड सलग आहे का, तपासून घ्या, आणि हे सगळं परवाना असलेल्या माणसाकडूनच.

अजून एक, आणि मला याचीच जास्त काळजी वाटते. समजा तुमच्या अर्थिंगच्या खड्ड्याचा रेझिस्टन्स 5 ओहम आहे आणि करंटला परतीची तीच एक वाट आहे, तर 230 भागिले 5 म्हणजे फॉल्टला जेमतेम 46 अँप वाहणार. सी टाईपची 16 ची एमसीबी झटक्यात पडायला 80 ते 160 लागतात, म्हणजे ती वेळ काढत बसणार आणि तोवर ओल्या जागेतल्या पंपाच्या बॉडीत करंट. म्हणून 30 मिलीअँपची आरसीसीबी (करंट गळला की लगेच पडणारा स्विच) लावाच, तापकीर गल्लीत सहज मिळते. फक्त तिच्या पुढे, पंपाच्या बाजूला, न्यूट्रल आणि अर्थिंग कुठे एकत्र जोडलेलं नसावं, नाहीतर ती सारखी पडत राहील आणि मग कुणीतरी वैतागून काढूनच टाकेल.