नोटरी व्हायचंय? मग आधी हे वाचा

मुखत्यारपत्रावरचा लेख छापून आला तेव्हापासून पत्रं येतायत ती जवळजवळ सगळी नोटरीबद्दलच. काही वकिलांची, ज्यांना स्वतःला नोटरी व्हायचंय, काही साध्या माणसांची ज्यांचं काम नोटरीच्या टेबलावर अडलंय. सगळ्यांना एकेक करून उत्तर देणं शक्य नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : मला वकिलीत आठ वर्षं होतील. नोटरीसाठी अर्ज करावा असं वाटतंय पण सगळे सांगतात दहा वर्षं पूर्ण लागतात. आमचे सिनियर म्हणतात तुला लागत नाहीत. कोण बरोबर? (एक वकील वाचक भगिनी)

सिनियर बरोबर आहेत. आपल्याकडे हे सगळं नोटरी कायदा १९५२ आणि त्याखालचे १९५६ चे नियम यांवर चालतं. नियमांप्रमाणे वकिलीची १० वर्षं लागतात, पण महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गीय उमेदवारांना ७ वर्षं पुरतात, म्हणजे तुम्ही आजही अर्ज करू शकता. न्यायिक सेवेत असलेल्यांनाही दार उघडं आहे. नेमणूक राज्य सरकारही करतं आणि केंद्र सरकारही, राज्याची नेमणूक राज्यापुरती किंवा त्यातल्या एखाद्या भागापुरती, केंद्राची देशभर किंवा देशातल्या ठराविक भागासाठी. किती नोटरी नेमायचे यालाही मर्यादा असते, त्यामुळे पात्र झालो म्हणजे नेमणूक झालीच असं धरून चालू नका. प्रॅक्टिसचं सर्टिफिकेट ५ वर्षांचं मिळतं, पुढे नूतनीकरण करावं लागतं, आणि ते शेवटच्या आठवड्यात आठवणारे लोक दरवर्षी भेटतात, तेवढं करू नका.

आणि एक सांगते, न विचारता. अर्ज भरायच्या आधी कायद्याचं कलम ८ स्वतः वाचा. अर्ध्या पानाचं आहे. नोटरीने काय काय करायचं ते सगळं त्यात आहे आणि वर्षानुवर्षं शिक्का मारणाऱ्या कित्येकांनी ते उघडून बघितलेलं नसतं.

प्रश्न : माझा पुतण्या अमेरिकेत आहे, साधी ऑफिसची नोकरी करतो, वकिलीशी काही संबंध नाही, आणि तो म्हणतो मी नोटरी झालो. हे कसं शक्य आहे? की तो थापा मारतोय?

थापा नाही मारत. तिथे बहुतेक राज्यांत नोटरीला वकील असावं लागत नाही. राज्य सरकार ठराविक मुदतीसाठी नेमणूक देतं, काही राज्यांत त्याआधी प्रशिक्षण आणि परीक्षा असते, बऱ्याच राज्यांत जामीन रकमेचा बाँड भरावा लागतो म्हणजे नोटरीच्या चुकीने कुणाचं नुकसान झालं तर भरपाई मिळायला काहीतरी आधार राहतो. उलट फ्रान्स किंवा लॅटिन अमेरिकेतल्या देशांत नोटरी म्हणजे कायद्यातला मोठा अधिकारी माणूस, दस्त तोच तयार करतो. या फरकाचा फायदा घेऊन अमेरिकेत स्पॅनिश बोलणाऱ्या स्थलांतरितांना फसवणारे लोक आहेत, साधा नोटरी असून 'नोतारिओ' अशी पाटी लावायची आणि व्हिसाचे अर्ज भरून देतो म्हणून पैसे उकळायचे.

पुतण्याला एक विचारा, 'अ‍ॅक्नॉलेजमेंट' आणि 'जुराट' यात फरक काय. त्याला येत असेल तर त्याने अभ्यास केलाय. पहिल्यात माणूस नोटरीसमोर येऊन सांगतो की ही सही माझी आहे आणि मी ती राजीखुशीने केली, सही घरून करून आणली तरी बहुतेक ठिकाणी चालतं, शपथ नसते. दुसऱ्यात कागदातला मजकूर खरा आहे अशी शपथ नोटरीसमोर घ्यायची आणि सहीसुद्धा नोटरीच्या डोळ्यांदेखत करायची. आपल्याकडचं प्रतिज्ञापत्र हे या दुसऱ्या जातीचं. आपल्याकडे हे शब्द कोणी फारसे वापरत नाही पण फरक तोच आहे, आणि घरून सही करून आणलेलं अ‍ॅफिडेव्हिट पुढे सरकवणाऱ्यांना तो कळत नाही.

प्रश्न : नोटरीने माझा कागद वाचलासुद्धा नाही, फक्त आधार कार्ड बघितलं, रजिस्टरवर सही घेतली आणि शिक्का मारला. हे बरोबर आहे का? उद्या त्यातलं काही खोटं निघालं तर तो जबाबदार ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त आलाय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लोकांचा समज असा की नोटरी झाली म्हणजे कागदातलं सगळं खरं ठरलं. तसं नाहीये. नोटरी सांगतो ते एवढंच की अमुक माणूस अमुक तारखेला माझ्यासमोर होता, त्याची ओळख मी पटवून घेतली, त्याने काय चाललंय ते समजून सही केली, आणि प्रतिज्ञापत्र असेल तर शपथ घेतली. तुमचं उत्पन्न किती, तुम्ही त्याच घरात राहता का, हे नोटरीला कुठून कळणार, त्याची जबाबदारी तुमची, शपथेवर खोटं लिहिलंत तर गुन्हा तुमचा.

पण म्हणून कागदावर नजरच टाकायची नाही असंही नाही. चांगला नोटरी कागद हातात घेतला की आधी मोकळ्या जागा बघतो. तारखेची जागा कोरी, रकमेची जागा कोरी, मधलं एखादं पान वेगळ्या फाँटात, खाडाखोड आहे आणि बाजूला सही नाही, यातलं काही दिसलं तर तो कागद परत करतो किंवा कोऱ्या जागेवर रेघ मारून घेतो. मग समोरच्याला विचारतो, काय कागद आहे हा, कशासाठी करताय? हा प्रश्न उगाच नसतो. ज्याला सांगताच येत नाही, सारखा शेजारी उभ्या माणसाच्या तोंडाकडे बघतो, तिथे थांबायला हवं. म्हातारे आईवडील आणि सोबत घाईतला मुलगा हे दृश्य तर नेहमीचंच, अशा वेळी मुलाला दोन मिनिटं बाहेर बसवणारा नोटरी मला आवडतो. वाचता येत नसेल तर मजकूर वाचून, त्याच्या भाषेत समजावून, मग अंगठा, आणि वाचून दाखवला असा उल्लेख कागदावर. तुमच्या बाबतीत यातलं काही झालं नसेल तर ओळखपत्र बघितलं एवढ्यावर त्याला पास म्हणता येईल, त्याहून जास्त नाही.

शपथेबद्दल एक. देवाचं नाव घ्यायचं नसेल तर गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करता येते, १९६९ च्या शपथ कायद्यातच ती सोय आहे आणि वजन दोन्हीला सारखंच.

प्रश्न : अटेस्टेशन, ट्रू कॉपी, नोटिंग, प्रोटेस्ट हे शब्द नोटरीच्या कामांत दिसतात. थोडक्यात सांगाल का? (कायद्याचा विद्यार्थी)

अटेस्टेशन म्हणजे दस्तावर झालेली सही साक्षांकित करणं. ट्रू कॉपी म्हणजे मूळ कागद समोर ठेवून झेरॉक्स त्याच्याशी ताडून बघणं, मूळ कागद नसेल तर ट्रू कॉपी होत नाही, झेरॉक्सवरून झेरॉक्सची सत्यप्रत हा प्रकार कायद्यात नाही, बाजारात मात्र भरपूर आहे. नोटिंग आणि प्रोटेस्ट हे हुंडी, वचनचिठ्ठी, विनिमयपत्र यांचे, म्हणजे पैसे देण्याचं लेखी वचन किंवा आदेश असलेल्या कागदांचे शब्द. समोरच्याने स्वीकारायला किंवा पैसे द्यायला नकार दिला की नोटरी तशी नोंद करतो, ती नोटिंग, आणि त्याचं रीतसर सर्टिफिकेट म्हणजे प्रोटेस्ट. जहाजाच्या कप्तानाने वादळात मालाचं नुकसान झालं असं नोटरीकडे नोंदवायचं, ते शिप प्रोटेस्ट. शिवाय भाषांतर करणं आणि तपासून देणं हेही नोटरीचं काम आहे, जे फार थोडे मनापासून करतात.

जाता जाता गंमत. नोटरी नेमायची तरतूद पूर्वी १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यात, म्हणजे चेक-हुंडी-वचनचिठ्ठीच्या कायद्यात होती, कलम १३८. नोटरी कायदा आला, ते कलम रद्द झालं, नंबर रिकामा राहिला, आणि पुढे १९८८ च्या दुरुस्तीने तिथे जे नवीन कलम बसलं ते म्हणजे चेक बाऊन्सचं, जे आज रिक्षावाल्यालाही पाठ आहे.

प्रश्न : वडील अंथरुणाला खिळलेत. ओळखीचे एक नोटरी म्हणाले, येऊ नका, कागद पाठवा, शिक्का मारून देतो. करू का?

नका करू. माणूस समोर नसताना 'माझ्यासमोर सही केली' असं लिहिणं हे खोटं सर्टिफिकेट आहे. आज कोणी बोलणार नाही, पण उद्या भावाबहिणींत वाद झाला आणि उलटतपासणीत विचारलं की त्या दिवशी वडील ऑफिसात जिने चढून आले कसे, तर सगळा दस्त कोसळतो. नोटरीला घरी बोलवा. स्वतःच्या नेमून दिलेल्या हद्दीत नोटरी घरी, हॉस्पिटलमध्ये येऊ शकतो, येण्याजाण्याचा खर्च द्यावा लागेल. रजिस्टर सोबत आणायला सांगा, आणि प्रकृती नाजूक असेल तर डॉक्टरांकडून शुद्धीवर आहेत, समजतंय असं लिहून घ्या.

प्रश्न : नुकतीच नेमणूक झालीय. रजिस्टर किती काटेकोर ठेवायचं? बाकीचे दिवसाच्या शेवटी एकदम भरतात.

बाकीच्यांचं सोडा. नोटरीला वाचवणारी एकच वस्तू असेल तर ती रजिस्टर. अनुक्रमांक, तारीख, कामाचा प्रकार, माणसाचं नाव-पत्ता, कागदाचा थोडक्यात मजकूर, घेतलेली फी, त्या माणसाची सही, हे तो समोर उभा असताना भरायचं. संध्याकाळी भरायचं म्हटलं की सही कोणाची घेणार? आणि दोन-तीन ओळी कोऱ्या सोडायची सवय कधी लावून घेऊ नका. त्या ओळी कशासाठी असतात ते सगळ्यांना माहितीये, मागच्या तारखेच्या कागदासाठी. कोणीतरी येतं, अहो फक्त चार दिवस मागची तारीख टाका म्हणतं, ओळखीचं असतं, आणि तिथून घसरण सुरू होते. अशा तक्रारीत चौकशी होऊन रजिस्टरमधून म्हणजे नोटरींच्या यादीतून नावच निघू शकतं.

बाकी शिक्का साधा गोल, ५ सेंटिमीटर व्यासाचा, त्यावर तुमचं नाव, क्षेत्र आणि कोणत्या सरकारने नेमलंय ते. तो कुलपात, टायपिस्टच्या ड्रॉवरमध्ये नाही. फीचे दर ऑफिसच्या आत आणि बाहेर दिसतील असे लावायचे, हाही नियम आहे. आणि ज्या व्यवहारात आपला किंवा घरच्यांचा हितसंबंध आहे तो कागद दुसऱ्या नोटरीकडे पाठवायचा.

प्रश्न : नोटरी करून घेतलेला फ्लॅटचा व्यवहार, भाडेकरार, घटस्फोट चालतो का?

फ्लॅट नोटरीने तुमच्या नावावर होत नाही, खरेदीखत नोंदणी कायद्याप्रमाणे सबरजिस्ट्रारकडे रजिस्टर करावंच लागतं. महाराष्ट्रात भाडेकरारही लेखी आणि नोंदणीकृत हवा, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५. लग्न आणि घटस्फोट तर अजिबात नाही, नोटरी हा विवाह अधिकारी नव्हे असं केंद्राच्या विधी खात्याने २०२४ मध्ये पुन्हा लेखी बजावलंय, तरी 'नोटरी डिव्होर्स' करून देणारे आहेतच, त्यांच्यापासून लांब राहा. मृत्युपत्राला नोटरी लागतच नाही, दोन साक्षीदार लागतात.

प्रश्न : परदेशात द्यायच्या कागदावर नोटरी पुरते की अपोस्टिल?

अपोस्टिल म्हणजे कागदावरची सही आणि शिक्का खरा आहे असं परदेशासाठी दिलेलं सरकारी प्रमाणपत्र. काय लागेल ते कागद आणि देश दोन्हीवर अवलंबून आहे. १९६१ च्या हेग करारातल्या देशांत अपोस्टिल चालतं, भारत २००५ पासून त्यात आहे आणि आपल्याकडे ते परराष्ट्र मंत्रालय देतं, नोटरी देऊ शकत नाही. खासगी कागद असेल, म्हणजे मुखत्यारपत्र वगैरे, तर साधारण आधी नोटरी, मग राज्य पातळीवरची तपासणी, मग अपोस्टिल असा क्रम लागतो. देश करारात नसेल तर त्यांच्या दूतावासाचा शिक्का घ्यावा लागतो. ज्यांना कागद द्यायचाय त्यांच्याकडून काय हवं ते लेखी मागवून घ्या आणि मगच नोटरीकडे जा.